हुमणी धुरा ओळखत नाही



हरितगृहवाल्याचे एक बरे असते. दाराला बारीक जाळी लावली की भुंगेऱ्याची वाट बंद. त्या सांगाड्याला सरकारी अनुदानही मिळते. मिळो, आमची तक्रार नाही. पण आमच्या कोरडवाहू ज्वारीला आणि पऱ्हाटीला ना छप्पर, ना दार. हुमणी शेजाऱ्याच्या वावरातून येते, पांदणीच्या बाभळीवरून येते. ती अख्ख्या गावाची. उपाय मात्र विकला जातो एकेकट्याला, पुडीत आणि बाटलीत. आमचे भांडण इथे आहे.

ऑगस्टमध्ये ज्वारी पिवळी पडते, हाताने ओढली की अलगद उपटून येते, कारण खाली मुळीच उरलेली नसते. मग कृषी केंद्रात धाव. तोवर अळी बोटाएवढी जाड होऊन मातीत खोल बसलेली. तिच्या नावाने वर्षानुवर्षे फोरेटचे दाणे फेकायला लावले. शिफारस सरकारी पुस्तिकांतच होती! 2018 मध्ये सरकारनेच बंदीचा हुकूम काढला आणि 31 डिसेंबर 2020 पासून फोरेट बंद झाले. मधल्या वर्षांत ते ज्यांनी उघड्या हातांनी फेकले, त्यांचा हिशेब कोणी मांडला? 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, तेव्हाही दोष आमच्याच माथी मारला: हातमोजे का घातले नाहीत!

हुमणीला गाठायची वेळ ऑगस्ट नव्हे, रोहिणी-मृगाचा पहिला दमदार पाऊस. त्या संध्याकाळी अंधार पडता पडता भुंगेरे जमिनीतून निघतात आणि निंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाला खायला जमतात. तिथेच नर-मादीची जोडी जमते. पहाटेपूर्वी ते परत मातीत. एक मादी 50 ते 60 अंडी घालते. एका निंबाखाली शंभर भुंगेरे सापडले आणि त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर अडीच-तीन हजार अळ्या जन्मायच्या आधीच संपल्या. खर्च किती? एक जुने धोतर, एक लांब काठी, एक बादली साबणाचे दाट पाणी. रॉकेल आता कुठे मिळते!

वर्षातून हिची एकच पिढी होते, म्हणून हे चार-पाच दिवस चुकले की वर्ष गेले. आणि एकट्याने झाड झोडून भागत नाही. धुऱ्यापलीकडचा निंब तसाच राहिला तर त्याच्यावरची मादी आपल्याच वावरात अंडी घालणार. "आधी त्याला करू द्या, मग पाहू" म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावे.

बाकीची कामे आहेतच. पीक निघाल्यावर खोल नांगरट करा, वर आलेल्या अळ्या बगळे-कावळे वेचतात. कच्चे शेणखत वावरात नेऊ नका. मेटारायझियम बुरशी हुमणीला मारते हे खरे, पण तिला ओल लागते. तापलेल्या कोरड्या मातीत ती बाटली रिकामी करणे म्हणजे पैसे पुरणे. सेंद्रियाचे लेबल लावून गल्ला भरणारे हे सांगत नाहीत. विषाच्या दुकानदारापेक्षा त्यांची जात वेगळी आहे असे आम्ही मानत नाही.

उसाच्या पट्ट्यात भुंगेरे गोळा करण्याच्या मोहिमा निघतात, कारण उसामागे कारखाना उभा असतो. ज्वारीमागे कोण? म्हणून आमची मागणी साधी आहे: ग्रामपंचायतीने पहिल्या पावसात भुंगेरे किलोच्या भावाने विकत घ्यावेत, मजुरालाही त्या रात्रीचे दोन पैसे मिळावेत. कृषी खात्याने प्रकाश सापळे मे महिन्यातच गावात पोचवावेत. पीक वाळल्यावर पंचनाम्याला येऊ नये.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने शिवारातल्या निंब, बाभूळ, बोरीची मोजणी करून आणावी. कोणत्या झाडाखाली कोणती चार घरे उभी राहणार, तेही त्याच कागदावर लिहावे.