उणे तेहतीसचा हिशेब

नेल याकुपोव्हचं नाव काढलं की माझा एडमंटनचा मावसभाऊ एकच आकडा तोंडावर फेकतो. उणे ३३. झालं, विषय संपला. कित्येक वर्षं आमचं भांडण तिथंच अडकलंय.

आइस हॉकी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०१२च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये एडमंटन ऑयलर्सनं तातारस्तानातल्या निझ्नेकाम्स्कच्या या अठरा वर्षांच्या पोराला सगळ्यांत आधी उचललं. लॉकआउटमुळे ४८ सामन्यांवर आलेल्या पहिल्या मोसमात त्यानं १७ गोल केले, नवख्या खेळाडूंत सर्वाधिक. जानेवारी २०१३मध्ये लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध पाच सेकंदही उरले नसताना त्यानं बरोबरी साधली आणि गुडघ्यांवर घसरत अर्धं मैदान पार केलं. जुन्याजाणत्यांना तो माज वाटला. (एकोणीस वर्षांच्या मुलानं मग काय करायचं, रांगेत उभं राहून आभार मानायचे?) पुढच्या मोसमात ६३ सामन्यांत ११ गोल आणि तो उणे ३३. २०१६ साली एक छोट्या लीगमधला खेळाडू आणि अटी घातलेली तिसऱ्या फेरीची निवड, एवढ्यावर त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. २०१८मध्ये त्याची एनएचएल संपली. एकूण सामने ३५०, गोल ६२.

आता हे ‘उणे’ म्हणजे काय? तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघानं गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पॉवरप्लेचे गोल धरत नाहीत. म्हणजे चूक तुमची असो, गोलीची असो, की कोचची, पावती तुमच्या नावावर फाटते.

त्याच मोसमात अलेक्झांडर ओव्हेचकिन उणे ३५ होता. याकुपोव्हपेक्षा वाईट! बोलणी त्यालाही बसली, पण शिक्षा म्हणून त्याला कुणी संघाबाहेर बसवलं नाही. याकुपोव्हला मोसम जेमतेम सुरू झाल्यावर बसवलं.

“अरे, पण ओव्हेचकिननं ५१ गोल केले ना!” मावसभाऊ म्हणतो. बरोबर. मीही तेच म्हणतोय. राग बचावाचा नव्हताच, आटलेल्या गोलांचा होता. बचाव हा फक्त सभ्य शब्द होता.

आणि ते गोल आटणारच होते. पहिल्या वर्षी त्याचा जवळपास दर पाचवा फटका जाळ्यात गेला. चांगल्या फॉरवर्डचंही हे प्रमाण दहाला एकच्या आसपास असतं. त्यात शेवटच्या एकाच सामन्यात व्हँकुव्हरविरुद्ध तीन गोल. नशिबाचा वाटा मोठा होता, पण सगळ्यांनी तो ‘पोटेन्शियल’च्या खात्यात जमा केला आणि पुढची चार वर्षं त्याच्याकडून वसूल करत बसले.

त्याचा बचाव चांगला होता, असं मी म्हणत नाही. वाईटच होता. विंगरनं आपल्या भागात समोरच्या डिफेन्समनवर नजर ठेवायची असते. हा पकच्या मागे भटकायचा, नाहीतर पक सुटण्याआधीच पुढे पळायचा. त्यात तो डावखुरा फटका मारणारा आणि खेळायचा उजव्या विंगवर. गोल मारायला ही जागा उत्तम, कारण स्टिक मैदानाच्या मधल्या बाजूला राहते. पण आपल्याच भागात फळीला चिकटून पास घ्यायचा तर उलट्या बाजूनं, बॅकहँडवर घ्यावा लागतो, तोही अंगावर माणूस येत असताना. हे शिकवावं लागतं, घोटून घ्यावं लागतं. चार मोसमांत चार प्रशिक्षक आले. त्यातल्या डॅलस ईकिन्सनं सुरुवातीला पकभोवती झुंडीनं तुटून पडण्याची बचावपद्धत आणली आणि काही आठवड्यांतच गुंडाळली. एवढ्यात पोरानं नक्की काय आत्मसात करायचं होतं?

मागे गोलमध्ये होता डेव्हन डबनिक. त्या मोसमात इतका ढासळला की जानेवारीत त्याला विकून टाकलं. वर्षभरानं तोच मिनेसोटात जाऊन सर्वोत्तम गोलीच्या पुरस्काराच्या अंतिम तिघांत पोचला. त्यानं सोडलेल्या गोलांचे उणे अजून याकुपोव्हच्याच नावावर आहेत.

सेंट लुईसला आणि मग कोलोरॅडोला जाऊनही तो चमकला नाही, हे मावसभावाचं हुकमाचं पान. ते मला खोडता येत नाही. तेवीस वर्षांचा झाला तोवर सवयी मुरल्या होत्या आणि नव्या संघाला याच्यावर वेळ घालवायचं कारण नव्हतं. हट्टी तो होताच. फक्त दोष वाटायचाच असेल तर ऑयलर्सचा वाटा आधी काढा. ओळीनं तीन वर्षं पहिली निवड मिळूनही २०१३-१४ला तीस संघांत अठ्ठाविसावे आले ते. त्या तिघांतला पहिला, टेलर हॉल, २०१६च्या उन्हाळ्यात त्यांनी देऊन टाकला. २०१८मध्ये तो लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला, न्यू जर्सीकडून.

हे सांगितलं की मावसभाऊ म्हणतो, तिकडे बर्फ फार पडलाय, गाडी काढायचीय.