गुपित, मळमळ आणि आंबा घाट

दिवस राहिले की पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. आणि मळमळ, उलट्या सुरू होतात साधारण सहाव्या आठवड्यात. नवव्याच्या आसपास त्यांचा जोर असतो आणि बहुतेकींच्या चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत ओसरतात. म्हणजे गंमत बघा, बाईला जेव्हा सगळ्यात जास्त सांभाळून घ्यायला हवं, नेमकं तेव्हाच तिने आपल्याला काही झालंच नाही असं दाखवायचं. घरात ते एक वेळ जमतं, मोरीचं दार लावून घेता येतं. प्रवासात कुठलं दार लावणार?

कौतुक मात्र आपण भरपूर करतो. डोहाळे हा केवढा गोड शब्द! संस्कृतातल्या 'दोहद'वरून आलेला. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, झोपाळा, पाच-सात पक्वान्नं... पण हे सगळं सातव्या महिन्यात. तोवर बहुतेकींना अन्न गोड लागायला लागलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात वरणाला फोडणी पडली तरी जिचा जीव घाबरा होत होता, तेव्हा तिच्या वाट्याला 'हल्लीच्या मुलींना काही सोसत नाही' एवढंच आलेलं असतं.

मागे एका नाताळच्या सुट्टीत आम्ही बारा जण पुण्याहून गणपतीपुळ्याला निघालो. कराड, मलकापूर, आंबा घाट या रस्त्याने. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, म्हणून गाडी पहाटे साडेचारला काढली. ज्येष्ठ पुढे आणि तरुण मागे ही आपली रीत. त्यामुळे माझी भाचेसून अगदी मागच्या सीटवर, मागच्या चाकांवर म्हणा ना! खिडकीही नाही, कारण खिडक्या पोरांच्या. त्यात गाडीत मोगऱ्याच्या उग्र वासाची कुपी लटकवलेली. साताऱ्याजवळ सगळ्यांनी मिसळ मागवली. हिने नुसता चहा सांगितला आणि तोही तसाच ठेवला. 'डाएट चाललंय वाटतं!' अशी थट्टाही झाली. कराडला गाडी थांबली तशी ती धावत रस्त्याच्या कडेला गेली. नवरा बिचारा 'ॲसिडिटी आहे' म्हणून सांगत फिरत होता.

शाळेच्या सहली मी पुष्कळ नेल्या आहेत. एस.टी.त गाडी लागलेलं पोर खाली उतरलं की दहा मिनिटांत भेळ मागतं. ही उतरल्यावरही तशीच होती आणि शेजारच्या कांदाभज्यांच्या वासाने पुन्हा वाकली. मी काही विचारलं नाही. मला मागे जरा पाय पसरायचे आहेत असं सांगून तिला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. पुळ्याला संध्याकाळी तिने आपणहून सांगितलं, सातवा आठवडा होता. घरात फक्त नवऱ्याला आणि सासूला माहीत.

"निदान गाडीत कुणाला तरी सांगायचंस की गं," मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मावशी, पुढे काही बरंवाईट झालं तर सगळे म्हणतील, असल्या दिवसांत घाटातून गेलीच कशाला."

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. तीन महिन्यांच्या गुपितामागे दृष्टबिष्ट लागण्याची भीती असते असं आपण समजतो. खरी भीती दोषाची आहे. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस टिकत नाहीत आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. त्यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. गर्भ निरोगी असेल तर घाटातल्या वळणांनी किंवा उलटीच्या उमाळ्यांनी तो पडत नाही. (रक्तस्राव होत असेल, पोटात दुखत असेल किंवा डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर प्रवास रद्द, तिथे चर्चाच नको.) पण आपल्याकडे पपई, जिना, स्कूटर, घाट यांपैकी काहीतरी एक शोधून ते बाईच्या माथी मारल्याशिवाय चैन पडत नाही. मग ती गप्प बसते यात नवल ते काय?

'आम्ही नाही का केले प्रवास?' असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात. केले की! एस.टी.च्या लाकडी बाकांवरून माहेरी गेलो. पण तेव्हा आपल्याला कसं वाटत होतं हे विचारलं कुणी होतं?

आणि ही नाटकंही नव्हेत. २०२३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की गर्भाकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ १५ नावाचं संप्रेरक याच्या मुळाशी आहे, आणि आधीपासून ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना त्रास जास्त होतो. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केटला २०१२ साली उलट्यांमुळे इस्पितळात ठेवावं लागलं आणि बारा आठवडे व्हायच्या आतच बातमी जाहीर करावी लागली. २०१४ मध्ये दुसऱ्या खेपेला तिचा माल्टाचा दौराच रद्द झाला आणि नवरा एकटा गेला. तिला पुढची सीट मागावी लागत नव्हती, तरी ही गत!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की गावभर सांगू नका, पण गाडीतल्या एका तरी वडीलधाऱ्या माणसाला सांगा. आणि वडीलधाऱ्यांनी पुढची सीट सोडा. पुढे बसलं की नजर रस्त्यावर राहते, डोळ्यांना दिसतं ते आणि कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला जाणवतं ते जुळतं. मागे बसून मोबाईलवर फोटो बघितले की दोन्हींचं भांडण सुरू होतं. रिकाम्या पोटी पहाटे निघू नये. उठल्याउठल्या साळीच्या मूठभर लाह्या, नाहीतर कोरडं बिस्किट. वाटेत आलेपाक किंवा आवळासुपारी, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं. ब६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांची गोळी या दिवसांत देतात, ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावी, दुसऱ्याच्या पर्समधली 'गाडी लागण्याची' गोळी नको. पाण्याचा घोटही दिवसभर टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, तर समुद्र-देवदर्शन राहू द्यावं आणि जवळचा दवाखाना गाठावा. सलाइन लावलं की बरं वाटतं.

ड्रायव्हरलाही सांगावं. आमच्या ड्रायव्हरला काही न सांगताच समजलं असावं. ती पुढे येऊन बसल्यावर त्याने मोगऱ्याची ती कुपी काढून डिकीत टाकली, काच अर्धी खाली केली आणि साखरपा येईपर्यंत एकही वळण घाईने घेतलं नाही.