संगणकाला डिस्क सापडत नाही तेव्हा

सकाळी पेढी उघडावी, संगणक सुरू करावा आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढेच उमटावे! वर्षभराची खाती त्यातच असल्याने काळजाचा ठोका चुकतो. परंतु हिशेब नाहीसे झाले, असा याचा अर्थ नव्हे. ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे ती संगणकाला सापडली नाही, इतकेच तो सांगतो.

प्रथम लावलेले पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. कित्येकदा तो त्यांतच विंडोज शोधत असतो. तरीही तोच संदेश आल्यास सुरू होतानाच एफ२ किंवा डिलीट कळ दाबून बायोसमध्ये जावे. तेथे तारीख फार जुनी दिसल्यास मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल संपला असावा. त्यामुळे सेटिंग बदलतात आणि जागेवर असलेली डिस्कही गवसत नाही. यादीत डिस्कचे नावच नसेल, तर वीज बंद करून तंत्रज्ञाकडून तिच्या केबल घट्ट बसवून घ्याव्यात.

डिस्क टक्‌टक् आवाज करीत असेल, तर मात्र संगणक पुन्हापुन्हा सुरू करू नये. ‘फॉरमॅट करू का?’ असे तंत्रज्ञाने विचारल्यास, खात्यांची प्रत निघेपर्यंत ठाम नकार द्यावा. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. उधारीची नोंद मिळत नाही. म्हणून रोज दुकान वाढवण्यापूर्वी खात्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क घरी न्यावी.