भंडारदऱ्याच्या वाटेवर गाड्या कोणाच्या, भाडे कोणाचे?

अकोले : काजव्यांचा हंगाम असो वा श्रावणातील धबधब्यांचा, शेंडी गावातून निघून भंडारदरा जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर शनिवार-रविवारी उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचत गेल्यास या भागातील पर्यटनाचा ताळेबंदच समोर येतो. एमएच १२ आणि १४ म्हणजे पुणे व पिंपरी-चिंचवड, ०१ ते ०४ म्हणजे मुंबई-ठाणे, ४३ म्हणजे नवी मुंबई आणि १५ म्हणजे नाशिक. अकोले तालुका श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत येत असल्याने येथील गाडीची ओळख एमएच १७. या गर्दीत ती शोधावी लागते. सापडलीच तर ती बहुधा एखादी बोलेरो असते, दुधाचे कॅन वाहणारी पिकअप असते किंवा रंग उडालेली जुनी कमांडर जीप. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या या टापूत सुटी कोण घालवतो आणि त्या सुटीचा पैसा कोणाच्या हाती पडतो, या दोन प्रश्नांची उत्तरे एवढ्यावरून बरीचशी मिळतात.

भंडारदऱ्याची ही गर्दी अलीकडची आहे. प्रवरेवरील धरणाचे काम ब्रिटिश राजवटीत १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर कित्येक दशके हा परिसर गिर्यारोहक, पाटबंधारे खात्याचे अधिकारी आणि चित्रीकरणासाठी येणारी मंडळी यांच्यापुरताच होता. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. २००८ मध्ये घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. दरम्यानच्या काळात रस्ते सुधारले, मोबाइलवर छायाचित्रे फिरू लागली आणि साम्रदची सांदण दरी, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, धरणाखालचा अंब्रेला फॉल ही नावे मुंबई-पुण्यातील घराघरांत पोहोचली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाचा उरलासुरला धाकही संपला. ठाण्याहून सकाळी निघालेले कुटुंब आता घोटीमार्गे दुपारच्या जेवणाला शेंडीत पोहोचू शकते.

महामार्ग सहापदरी असला, तरी जलाशयाभोवतीचा रस्ता तसा नाही. मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल या गावांना जोडणाऱ्या या वाटेवर अनेक ठिकाणी समोरासमोर आलेल्या दोन मोठ्या गाड्यांपैकी एकीला मागे सरकावेच लागते. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, काजवे पाहण्यासाठी रात्रीच गाड्या लोटतात तेव्हा ही कोंडी असह्य होते. अशा वेळी गावातील बाळंतिणीला राजूरला न्यायचे झाल्यास काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नसते.

टंगमर्गला चालते, शेंडीला का नाही?

नगर-पुण्यातील मध्यमवर्ग हल्ली बर्फातील सुटीलाही सरावला आहे. गुलमर्गला स्कीइंग शिकण्यासाठी वा निदान पायात ते लांब पट्टे बांधून छायाचित्र काढून घेण्यासाठी जाणारी मराठी कुटुंबे दर हिवाळ्यात वाढत आहेत. ऐन बर्फाच्या दिवसांत या पर्यटकांची गाडी टंगमर्गलाच थांबते. तेथून वरचे सुमारे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या बांधलेल्या स्थानिक गाडीने जावे लागते. ही स्थानिक गाडी वर्षानुवर्षे बहुधा टाटा सुमोच असे. पुण्यात घडलेली, सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून नाव मिळालेली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेली ही गाडी काश्मीरच्या घाटांत मात्र अजून घरच्यासारखी वावरते. मराठी पर्यटक तिच्यात मुकाट बसतो, सांगितलेले भाडे थोड्याशा कुरकुरीनंतर देतो आणि चालकाच्या हाताचे गुणगान करीत परततो.

तोच पर्यटक भंडारदऱ्याला आला, की स्वतःची गाडी धबधब्याच्या तोंडाशी, जमल्यास जलाशयाच्या काठच्या गवतावर नेऊन उभी करतो. कोणी अडवल्यास रस्ता सरकारी असल्याचे सांगतो. या फरकाचे कारण केवळ बर्फ नव्हे. काश्मीरमध्ये स्थानिक वाहनाची सक्ती आहे आणि तिच्यामागे संघटित चालकवर्ग उभा आहे. अकोल्याच्या डोंगरात या दोहोंपैकी काहीच नाही. वनविभाग नाक्यावर प्रवेशशुल्क घेतो आणि गाडीला आत सोडतो. शुल्क भरले म्हणजे आत कोठेही जाण्याचा परवाना मिळाला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या बेबंदपणाची सर्वांत मोठी किंमत काजवे मोजतात, हे आता नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही दिवसांचे ते फार तर दोन-तीन आठवड्यांचे. नराने हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांभोवती उडत लुकलुकायचे आणि मादीने बहुधा खालच्या झुडपांतून वा गवतातून प्रतिसाद द्यायचा, हा त्यांचा संवाद काळोखावाचून होत नाही. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तो तुटतो. रस्ता सोडून गवतात घातलेली चाके तर पुढच्या पिढीलाच चिरडतात, कारण अंडी आणि अळ्या त्याच ओलसर मातीत वाढत असतात. ज्या दृश्यासाठी दोनशे किलोमीटर यायचे, ते स्वतःच्या दिव्यांनीच पुसून टाकायचे, असा हा व्यवहार आहे.

येथील गाडीची गोष्ट

स्थानिक गाडीकडे शहरी पाहुणा कुतूहलाने पाहतो आणि तिचे छायाचित्रही काढतो, पण तिच्या अर्थशास्त्राकडे त्याचे लक्ष जात नाही. राजूरच्या बाजारातून डोंगरातल्या वाड्यांपर्यंत माणसे, तांदळाची पोती, शेळ्या आणि लग्नाचे वऱ्हाड नेणारी जीप ही अनेक वर्षे एसटीनंतरची दुसरी आणि पुष्कळदा पहिलीच सोय राहिली आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा तर ती एकमेव होती. महिंद्राने १९४७ पासून जुळणी सुरू केलेल्या विलिस जीपची वंशावळ कमांडर, मार्शलपर्यंत आली. त्या गाड्यांचे उत्पादन कधीच थांबले. त्यांची जागा २००० मध्ये आलेल्या बोलेरोने घेतली. मजबूत चौकटीवर बसवलेला सांगाडा, मागच्या धुरीला पाटे आणि मागच्याच चाकांना मिळणारी इंजिनाची ताकद ही या गाड्यांची कुळकथा. चढावर भार मागे सरकतो, त्यामुळे भरलेली जीप विठा घाटात चाके न घसरता चढते. ती बिघडली तर राजूरचा मिस्त्री दुरुस्त करतो. संगणक जोडून दोष शोधण्याची वेळ सहसा येत नाही.

गंमत अशी, की याच वंशातील ‘थार’ ही आज शहरी तरुणाची हौस बनली आहे. ती तयार होते नाशिकला, म्हणजे भंडारदऱ्यापासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर. मात्र ती या डोंगरात येते ती पुण्या-मुंबईची पाटी लावून आणि ओढ्यात उतरून पाणी उडवण्यासाठी. दुसरी गंमत नगर शहराच्या वेशीवर आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था तेथे आहे. देशात विकल्या जाणाऱ्या वाहनांना चाचणीअंती मान्यता देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांपैकी ती एक. ज्या जिल्ह्यात देशभरच्या गाड्या पारखल्या जातात, त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला माणसे पायरीवर लोंबकळत प्रवास करतात, ही विसंगती जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाल्यावरही तशीच आहे.

स्थानिक गाडीची खरी अडचण तिच्या पाटीच्या रंगात आहे. साम्रद, रतनवाडी वा बारीहून पर्यटकांची ने-आण करणाऱ्या अनेक गाड्यांना पांढरी पाटी असते. म्हणजे त्या कायद्याने खासगी आहेत आणि त्यांनी भाडे घेणे नियमबाह्य ठरते. सगळे सुरळीत असेपर्यंत कोणी विचारत नाही. परंतु घाटात गाडी उलटली, तर खासगी वापराच्या विम्यावर भाड्याचे प्रवासी नेल्याचा मुद्दा विमा कंपनी उपस्थित करणारच. जखमी पर्यटकाला भरपाईसाठी झगडावे लागते आणि चालकावर गाडी, म्हैस, प्रसंगी जमीन विकण्याची पाळी येऊ शकते. नागली-वरई आणि भाताचे एक पीक घ्यायचे, मग मजुरीसाठी नारायणगावकडे उतरायचे, असे वर्ष काढणाऱ्या महादेव कोळी वा ठाकर कुटुंबाला हा धोका परवडणारा नाही.

पिवळी पाटी का लावत नाहीत, हा प्रश्न सोपा वाटतो. परवाना, व्यावसायिक विम्याचा वाढीव हप्ता आणि ठरावीक मुदतीने योग्यता तपासणी हे सारे श्रीरामपूरच्या कार्यालयाशी निगडित, आणि ते घाटघरपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. वर्षातले कमाईचे शनिवार-रविवार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्यासाठी हा खर्च कोणी करावा? एक अडसर मात्र दूर झाला आहे. हलके वाहन चालवण्याचा परवाना असलेल्या व्यक्तीस साडेसात हजार किलोपर्यंतचे प्रवासी वा मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्याचा लाभ घेण्यासाठी हंगामी किंवा क्षेत्रापुरता मर्यादित परवाना, तालुक्याच्या ठिकाणी तपासणीचे शिबिर आणि एकत्रित विमा अशी काही योजना परिवहन खात्याने आखायला हवी.

मर्यादा घालायची, तर कोठे?

डोंगरावर चढणाऱ्या गाड्यांना आळा घालणे आता देशात नवलाईचे राहिलेले नाही. रोहतांगला जाणाऱ्या वाहनांच्या रोजच्या संख्येवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच बंधन आणले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास आवश्यक झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात उटीसाठी इतर दिवशी सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार गाड्यांची मर्यादा ठरवण्यात आली. महाराष्ट्रात माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ठरावीक पर्यटकांनाच प्रवेश मिळतो.

भंडारदऱ्यासाठी यांपैकी एकही नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. माथेरान हे एक गाव आहे. येथे जलाशयाभोवती विखुरलेल्या वाड्या आहेत आणि तेथील लोकांची रोजची ये-जा त्याच रस्त्याने होते. त्यामुळे सरसकट बंदीचा पहिला फटका त्यांनाच बसेल. काजव्यांच्या तीन-चार आठवड्यांत आणि पावसाळ्यातील सुट्यांच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शेंडीला वा राजूरला थांबवून पुढचा प्रवास नोंदणीकृत स्थानिक जीप आणि एसटीच्या लहान बसने करायचा, ही व्यवस्था मात्र अशक्य कोटीतील नाही. कोल्हार-घोटी रस्त्यालगत वाहनतळासाठी जागा शोधणे हेच त्यातील सर्वांत कठीण काम ठरेल. रात्री दिवे मंद ठेवून झाडांपासून अंतरावर थांबणे ज्याला अंगवळणी पडले आहे, असा चालक मिळणे त्यापेक्षा सोपे आहे, कारण तो गावातच आहे.

या व्यवस्थेचे धोकेही लपवण्याचे कारण नाही. पर्यटनस्थळी टॅक्सीचालकांची मक्तेदारी झाली, की भाडे अवाच्या सवा होते आणि बाहेरच्या वाहनांना दमदाटी सुरू होते. जुन्या डिझेल गाड्यांचा धूर हा पर्यावरणरक्षणाच्या नावाखाली खपवता येणार नाही. शिवाय बोलेरो विकत घेण्याची ऐपत असलेला माणूस हा गावातील सर्वांत गरीब माणूस नसतो. सक्ती झाली, की राजूर-अकोल्यातील व्यापारी दहा-दहा गाड्या घेऊन उतरतील आणि घाटघरचा तरुण त्यांच्याकडे पगारी चालक होईल. ही भीती खरी आहे. अकोल्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना विशेष अधिकार दिले आहेत. गाड्यांची संख्या, भाडे आणि नोंदणी यांत या ग्रामसभांना ठोस अधिकार असतील, तरच लाभ वाडीपर्यंत पोहोचेल. याच तालुक्यातील पुरुषवाडीने पाहुण्यांचा मुक्काम आणि जेवण गावातील घरांमध्ये आळीपाळीने वाटून देण्याची पद्धत चालवली आहे. वाहनांची पाळीही तशीच लावता येण्यासारखी आहे.

भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरचा ऊस पिकवते. घाटघरची वीज राज्यभर जाते. धरणाकाठच्या गावांना या दोहोंतून काय मिळाले, हा वाद शंभर वर्षांचा आहे. पर्यटनाचा हिशेब अजून मांडला जायचा आहे आणि त्याची मुदत येथील गाड्यांच्या वयाशी जोडलेली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. दोन हजार दहाच्या आसपास घेतलेल्या बोलेरो आता त्या उंबरठ्यावर आहेत. त्या मोडीत निघतील तेव्हा त्यांच्या जागी पिवळ्या पाटीची नवी गाडी यावी यासाठी कर्ज, परवाना आणि ग्राहकाची हमी या तिन्हींची जुळणी करावी लागेल. तोवर शेंडीच्या नाक्यावर पावत्या फाडल्या जातील आणि गाड्या आत जात राहतील.