चिकन पास्ता आणि आपले पथ्यपत्रक

कोंबडीचे मांस, भाज्या आणि क्रीम एकत्र शिजवून वीस-पंचवीस मिनिटांत तयार होणारा पास्ता आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. आंबोलीसारख्या पावसाळी पर्यटनस्थळी त्याचे कोणास नवल वाटत नाही, आणि नोकरी करणाऱ्या गृहिणीसाठी तर ती रात्रीच्या जेवणाची सोय झाली आहे. रुग्ण त्याविषयी विचारतो तेव्हा आपले उत्तर ठरलेले असते : “दूध आणि मांस एकत्र, म्हणजे विरुद्धाहार. बंद करा.” औषधासोबत दिल्या जाणाऱ्या पथ्यपत्रकावरही बहुधा हेच वाक्य असते. हे उत्तर व्यवहारात अपुरे आहे आणि शास्त्रदृष्ट्याही नेमके नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६व्या अध्यायात ग्राम्य, आनूप व औदक मांस दुधासह निषिद्ध मानले आहे. परंतु पुढच्याच अध्यायात कुक्कुटाची गणना विष्किर वर्गात केली आहे. सुश्रुतांनी वन्य व ग्राम्य असा कुक्कुटाचा भेद सांगितला असला, तरी वर्ग विष्किर हाच. ग्राम्य कुक्कुट अधिक गुरु, एवढाच विशेष. वाग्भटांनी कुक्कुट निषिद्ध ठरविला तो दह्याबरोबर. मग दह्यात मुरविलेली तंदुरी कोंबडी आपल्या पत्रकावर का नसावी?

याउलट सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २०व्या अध्यायात दुधासह वर्ज्य द्रव्यांची यादी आहे. तीत लवण आहे, आंबट फळे आहेत आणि कवक, म्हणजे अळंबीही आहे. व्हाईट सॉस म्हणजे लोणी, मैदा, दूध आणि मीठ. तेव्हा कोंबडी पातेल्यात पडण्यापूर्वीच दूध व लवण यांचा संयोग घडलेला असतो. “आम्ही शाकाहारी, आम्ही मश्रूमचा पास्ता खातो,” असे समाधानाने सांगणारा रुग्ण मात्र आपल्या सरसकट वाक्यातून अलगद निसटतो.

आता काळाचा विचार करू. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर्षा ऋतूतील अग्निमांद्याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. अशा दिवसांसाठी चरकांनी जुने जव, गहू व शाली, जांगल मांस, यूष आणि अम्ल-लवण-स्निग्ध आहार सांगितला आहे. सुश्रुतांनी विष्किर वर्ग जांगल मांसातच मोजला आहे. म्हणजे गहू, कोंबडी, लसूण, मिरी ही या पदार्थातील द्रव्ये ऋतुचर्येची शत्रू नव्हेत. बाधक ठरतात ते मैदा, क्रीम आणि चीज यांचे गुरुत्व, उकडून ठेवून पुन्हा गरम केलेले अन्न, अतिमात्रा आणि रात्रीची उशिराची वेळ. चरकांनी विरुद्धाचे १८ प्रकार सांगताना काल, अग्नी, मात्रा व संस्कार यांचा समावेश केला, तो याचसाठी. दीप्ताग्नी, तरुण, व्यायामशील व्यक्तीस विरुद्ध अन्न बाधत नाही, हेही त्यांनीच सांगितले. घाट चढून आलेला विशीतील तरुण आणि आमवाताचा पन्नाशीचा रुग्ण यांच्या हाती एकच पत्रक कसे द्यावे?

पर्याय आपल्या घरातच आहे. मालवणी कोंबडीचा रस्सा नारळावर उभा आहे. घाटावरचा कोल्हापुरी पांढरा रस्साही नारळाच्या दुधाचाच. सोलकढीत नारळाचा रस आणि आमसूल सुखाने नांदतात. गाईच्या दुधात आमसूल कोणी घालीत नाही. हाच धडा पास्त्याला लावता येतो. चौघांसाठी २०० ग्रॅम रव्याचा पास्ता उकडून निथळावा. थोड्या खोबरेल तेलात कांदा, आले, लसूण परतून हाडाविरहित कोंबडीचे २५० ग्रॅम लहान तुकडे घालावेत. गाजर, फरसबी आणि नारळाचा एक वाटी पातळ रस घालून मांस पूर्ण शिजू द्यावे. शेवटी पाव वाटी जाड रस, मीठ व ताजी मिरपूड घालून उकळी येण्यापूर्वी उतरवावे, म्हणजे रस फुटत नाही. त्यात पास्ता मिसळून गरमच वाढावा. वेळ तेवढाच लागतो, दाटपणाही मिळतो. नारळही गुरु व शीत आहे, म्हणून आले-मिरी वगळू नये आणि मंदाग्नीच्या रुग्णास केवळ पातळ रस वापरण्यास सांगावे.

हा प्रश्न केवळ एका पदार्थाचा नाही. कारण न सांगता “बंद करा” म्हटले की रुग्ण पदार्थ बंद करीत नाही, तो वैद्याला सांगणे बंद करतो. त्वचाविकाराच्या रुग्णाने आहार लपविला की निदानाचा पहिला धागाच हातून सुटतो. औषधविक्रेते बंधूही जेवणानंतरच्या जडपणासाठी चूर्णाची डबी देतात, ती देताना “काल रात्री काय व किती वाजता खाल्ले?” एवढे विचारण्यास क्षणभरच लागतो.

म्हणून माझी सूचना अशी की, पथ्यपत्रकावरील ते एक वाक्य काढून त्याजागी तीन वाक्ये छापावीत : मीठ, आंबट किंवा अळंबी असलेल्या पदार्थात दूध-क्रीम घालू नये, मांसाला दाटपणा नारळाच्या रसाने आणावा, पावसाळ्यात असे अन्न ताजे, गरम, थोडे आणि लवकर खावे. निषेध करणे सोपे आहे. पण रुग्णाच्या चुलीपर्यंत पोहोचणारे पथ्य सांगणे, हेच वैद्याचे काम आहे.