मावश्यांनी जोडलेल्या मायलेकी

एमी टॅन यांची ‘द जॉय लक क्लब’ ही कादंबरी 1989 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. चीनमधून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या चार आया आणि अमेरिकेतच वाढलेल्या त्यांच्या चार मुली यांच्या 16 कथा तिच्यात गुंफल्या आहेत. सुयुआन वू ही त्यांतली एक आई आरंभीच वारलेली आहे. तिच्या वाटच्या कथा मुलगी जिंग-मेई सांगते. या चौघी आयांच्या क्लबात माजाँग या खेळाच्या टेबलावरची आईची पूर्वेकडची जागाही तिलाच भरून काढावी लागते.

सुयुआनचे दुखणे युद्धातले. जपानी फौजा जवळ आल्या तेव्हा ती दोन जुळ्या तान्ह्या पोरींना घेऊन चुंगकिंगच्या वाटेला लागली. ढकलगाडी मोडली, सामान एकेक करून टाकावे लागले, आजाराने अंगात त्राण उरले नाही. अखेर जवळचे पैसे-दागिने ठेवून तिने पोरींनाही रस्त्याकडेला सोडले. अमेरिकेत जन्मलेल्या लेकीला पियानोत नाव काढायला लावण्याचा हट्ट याच जखमेतून आला असावा. कार्यक्रमात फजिती झाल्यावर लेक सराव नाकारते आणि भांडणाच्या भरात त्या बाळांसारखे आपणही मेलेलो बरे, असे बोलून जाते. आई गप्प होते. तिसाव्या वाढदिवसाला तोच पियानो ती लेकीला देऊ करते. माफी कोणीच मागत नाही. बहुतेक घरांत हे असेच मिटते.

आयांचे भूतकाळ वाचकाला कळतात, पण मुलींच्या कानांपर्यंत फारसे पोचत नाहीत, ही या रचनेतली खरी करामत. जुळ्यांचा पत्ता लागल्याचे जिंग-मेईला सांगतात त्या आईच्या मैत्रिणी, म्हणजे मावश्याच. प्रवासासाठी 1200 डॉलरचा चेकही त्याच देतात. उरलेली हकिकत वडील ग्वांगझौच्या हॉटेलात सांगतात, तीही तिच्या आग्रहावरून चिनी भाषेत. मग शांघायला बहिणी भेटतात.

टॅन यांच्या आईच्याही मुली चीनमध्ये मागे राहिल्या होत्या. 1987 मध्ये आईसोबत जाऊन टॅन त्यांना भेटल्या. चिनी लोककथा मोडतोड करून गोऱ्या वाचकांपुढे ठेवल्याचा आरोप लेखक फ्रँक चिन यांनी केला. त्यापेक्षा पुरुष पात्रे फिकी आहेत, हा आक्षेप अधिक पटतो. या कादंबरीवरच्या, वेन वांग दिग्दर्शित 1993 च्या चित्रपटात आई गेल्याचे जुळ्यांना भेटीतच कळते. पुस्तकात मात्र ते आधीच पत्राने कळवलेले असते, आणि तेच अधिक संयत वाटते.