भाव नंतर, आधी भिंत

दुकान, लॉज, मंगल कार्यालय, शाळा किंवा एमआयडीसीतली शेड रंगवायचे ठरले की आपण पेंटिंग ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारतो, "फुटाला काय घेता?" एक जण आकडा सांगतो, दुसरा दोन रुपये कमी सांगतो आणि काम दुसऱ्याला जाते. आपल्या नगर जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. पाट्या बदलण्याच्या निमित्ताने दर्शनी भिंतीही रंगवून घेण्याचा विचार कुणी करत असेल, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारा. दोन ठेकेदारांचे भाव वेगळे असतात ते बहुतेक वेळा त्यांनी धरलेले काम वेगळे असते म्हणून. एकाने खरवडणे, भेगा भरणे, पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात धरलेले असतात. दुसऱ्याने जुन्या रंगावरच एक हात धरलेला असतो. दोघांचाही भाव 'फुटाला'च असतो.

म्हणून आधी भिंत पाहा. प्रवरेच्या कालव्याखालच्या भागात, राहुरी-राहाता-श्रीरामपूरकडे, जमिनीत ओल आणि क्षार दोन्ही आहेत. तिथे भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत लोणा धरतो, पांढरी भुकटी फुटते आणि रंगाचे पोपडे निघतात. त्यावर कितीही महागडा रंग मारला तरी तो टिकणार नाही. आधी ओलीचा बंदोबस्त हवा, मग रंग. कोपरगाव-शेवगावच्या काळ्या मातीत जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना भेगा जातात. त्या भरण्याची मजुरी वेगळी असते आणि ती रास्त असते.

दोन साध्या परीक्षा तुम्हीच करा. भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पीठ लागले तर जुना चुना किंवा रंग सुटला आहे आणि तो घासून काढावा लागेल. दुसरी परीक्षा ओलीची आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक दिवस ठेवा. आतून पाणी साचले तर भिंत अजून ओली आहे. नवे प्लॅस्टर असेल तर निदान 28 दिवस तरी त्याला हात लावू नका.

भिंतीनंतर माप. बांधकामात 100 चौरस फुटांचा एक ब्रास धरतात. पण दरवाजे, खिडक्या वजा करायच्या की नाही, यावरून शेवटी वाद होतात. सरकारी कामांत यासाठी ठरलेली पद्धत आहे, ती आपल्यालाही उपयोगी पडते. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांची उघडी जागा वजा करत नाहीत. त्याहून मोठी, पण 3 चौरस मीटरपर्यंतची जागा, दोन्ही अंगांना सारखाच रंग असेल तर एकाच बाजूला वजा होते. 3 चौरस मीटरच्या पुढे दोन्ही बाजूंना वजा होते आणि चौकटीच्या आतल्या कडा वेगळ्या मोजतात. रोलिंग शटरच्या पट्ट्यांना वळण असते, म्हणून त्याचे सपाट माप प्रत्येक बाजूला 1.10 ने गुणतात. 10 बाय 8 चे शटर 80 ऐवजी 88 चौरस फूट होते. नागापूर किंवा सुप्याच्या शेडवरचा नालीदार पत्रा 1.14 ने गुणतात, म्हणजे 1,000 फुटांचे 1,140. ही लबाडी नव्हे. पत्र्याच्या वळणात खरोखर तेवढा रंग जातो. फक्त ही पद्धत कामाआधी दोघांनी मान्य केलेली असावी.

तिसरी गोष्ट उंचीची आणि वेळेची. शिडीवरून होणारे काम आणि तीन मजल्यांवरचे काम एका भावात बसत नाही. तिथे परांची किंवा झुला लागतो, तो बांधायला आणि सोडायला दिवस जातात. शिर्डीतल्या लॉजमालकांची अडचण आणखी वेगळी. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या उत्सवांत खोल्या रिकाम्या नसतात. एकेक मजला रिकामा करून, रात्री काम करून, सामान झाकून रंगवायचे तर मजुरी वाढते. पेंटरला सलग मोकळी जागा देता आली, तर तुमचे पैसे नक्की वाचतील.

चौथी गोष्ट हंगामाची आणि इथे आपण नगरकर वर्षानुवर्षे चुकतो. घटस्थापनेच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच पेंटर हवा असतो. मागणी वाढते, भाव वाढतात आणि घाईत दोन हातांमधला वाळण्याचा वेळ कापला जातो. शिवाय आपल्या बहुतेक जिल्ह्यात वर्षातला सर्वाधिक पाऊस पडतो तो सप्टेंबरमध्ये. म्हणजे बाहेरच्या भिंतीसाठी आपण नेमका ओला महिना निवडतो. बाहेरचे काम दिवाळीनंतर, थंडीच्या महिन्यांत काढा. मे महिन्यात भिंत तापते आणि रंग नीट बसण्याआधीच सुकतो. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या बाजूला तर पावसाळ्यात बाहेरच्या कामाचे नावच काढू नका.

मालाबद्दल थोडे. मजुरीवर काम देता की मालासह, हे आधी ठरवा. मालासह असेल तर रंगाचे नाव, प्रकार आणि शेड नंबर कागदावर घ्या. सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडू द्या. पाणी किती मिसळायचे ते डब्यावर छापलेले असते, तेवढेच मिसळायला सांगा. शाळेसाठी आणखी एक काळजी घ्या. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या वर नसावे, असा नियम देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. कारखान्यांसाठीचे रंग या नियमात येत नाहीत. म्हणून कारखान्यात उरलेला ऑईल पेंट कुणी फुकट देऊ केला, तरी तो मुलांच्या बाकांना लावू नका.

रंगावर आणि रंगकामाच्या ठेक्यावर 18 टक्के जीएसटी आहे. कोटेशनमध्ये 'जीएसटी वेगळा' लिहिले असेल तर 1 लाखाचे काम 1 लाख 18 हजारांना पडते. दोन कोटेशन शेजारी ठेवताना हा फरक धरा. उचल एकदम मोठी देऊ नका, कामाच्या टप्प्यांनुसार पैसे द्या आणि बाहेरच्या कामाची थोडी रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. पण राखलेली रक्कम पाऊस झाला की स्वतःहून द्या. ठेकेदारालाही आपल्या माणसांचा आठवडा भागवायचा असतो.

आणि शेवटी, ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते. भाव खाली ओढला की काम तर कापले जातेच, त्याबरोबर मजबूत परांची आणि कमरेचा पट्टाही कापला जातो. तिसऱ्या मजल्यावर दोरीला लटकलेला मुलगा तुमच्या भिंतीसाठी तिथे चढलेला असतो. म्हणून कोटेशन मागताना परांची, पट्टा आणि कामगारांचा विमा हे तीन शब्द तुम्ही स्वतः लिहा आणि त्याचे पैसे आनंदाने द्या. सगळ्या ठेकेदारांना कामाची एकच यादी द्या, सगळ्यांना भिंत दाखवा, आणि मग खुशाल विचारा, "फुटाला काय घेता?"